मसोबाच्या बांधापर्यंत उजेड

चैत्र वद्य पंचमी. हैदराबाद सरकारच्या हिशेबानं खुर्दाद महिना. सकाळी आभाळ निरभ्र, दुपारी झळा, सायंकाळी पश्चिमेचं वारं. धूळ फार.

माझ्या वहीत रोज एवढंच असतं. हवा कशी होती आणि काम काय झालं. बाकीचा पाल्हाळ लावायचा नाही असा माझा नेम. पण माणसं नेम पाळू देतील तर ना! एखादं यंत्र उघडून बसावं, की भोवती माणसं जमतात, आणि माणसं जमली की किस्से जमतात. यंत्रातलं काजळ चिंधीनं पुसता येतं, किस्से पुसता येत नाहीत. ते साचत जातात. ह्या उन्हाळ्यात तर इतके साचले की आज हवेच्या ओळीखाली ते उतरवून मोकळा होतो.

मी परभणीच्या एका जिनिंगमध्ये इंजिनवाला. लोक मला मामा म्हणतात. कापसाचा हंगाम संपला की जिन बंद, आणि मी रिकामा. अशा रिकाम्या दिवसांत चारठाण्याच्या अलीकडच्या एका गावातून अप्पासाहेबांचा निरोप आला. त्यांच्या वडिलांनी हौसेनं हैदराबादेहून एक विलायती ट्रॅक्टर आणला होता. लोखंडी दातेरी चाकांचा, रॉकेलवर चालणारा. आता पार म्हातारा झालेला. दिवे त्याला मुळात नव्हतेच.

अप्पासाहेब म्हणाले, "मामा, दिवसा ह्या उन्हात हा बंबासारखा उकळतो. नांगरायचं तर दिवस मावळल्यावर. आणि दिवस मावळला की पुढचं दिसत नाही. ह्याला लाईट बसवा. जमलं तर ठीक. नाही तर नांदेडचा भंगारवाला सेठ कधीचा मागं लागलाय. लढाई चालू आहे, लोखंड हवंच आहे त्याला. चैत्र वद्य पंचमीला तो येणार. त्या संध्याकाळी दिवे लावून मसोबाच्या बांधापर्यंत जायचं आणि परत यायचं. दिवे मध्येच गेले तर ट्रॅक्टर सेठचा. मी शब्द दिलाय."

हे बोलणं चाललं होतं तेव्हा धोंडिबा चाकाला टेकून उभा होता. तो ह्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर. पूर्वी बैलांवर होता. एकदा जिंतूरच्या रस्त्यावर तिन्हीसांजेला समोरून मोटार आली, तिचा उजेड बैलांच्या डोळ्यांत गेला, बैल बुजले, गाडी उलटली आणि चाक धोंडिबाच्या पायावरून गेलं. पाय वाकडा झाला तो झालाच. आता त्याला नांगरामागं चालता येत नाही. ट्रॅक्टरवर बसता येतं.

अप्पासाहेब गेल्यावर तो मला म्हणाला, "मामा, टॅक्टर भंगारात गेला तर सेठ त्याला घेऊन जाईल. मला भंगारात कोन घेनार?"

मी म्हणालो, "बघू या."

* * *

दिवे आणले खाजामियाँनी. त्यांचं परभणीला स्टेशनाजवळ मोटारदुरुस्तीचं दुकान. लढाईमुळं नवा माल कुठंच नाही, म्हणून त्यांनी मोडक्या गाड्यांमधून जे हाती लागलं ते पोत्यात भरून आणलं. एक दिवा परातीएवढा, दुसरा तांब्याएवढा!

मी म्हणालो, "मियाँ, ही जोडी नाही."

"मामा, मियाँ-बीवी भी कहाँ एक नाप के होते हैं? घर तो चलता है ना!"

बॅटरी त्यांचीच. जुना डायनॅमो त्यांचा. तो फिरवायला चामडी पट्टा माझ्या जिनमधला. दिव्यांचे ब्रॅकेट गावच्या लोहारानं केले. त्यानं उत्साहाच्या भरात एक खाली वाकवला आणि एक वर. मोठा दिवा जमिनीकडं बघायला लागला आणि धाकटा लिंबाच्या शेंड्याकडं.

बघायला निम्मं गाव लोटलेलं. मागून कोणीतरी म्हणालं, "अरं, ह्यो तर तिरळा हाय!"

धोंडिबा गर्रकन वळला. "तिरळा कोनाला म्हनतो रं? खालचा डोळा नांगराचा तास बगतो आन् वरचा पाखरं राखतो!"

पुढं मी मोठा दिवा नीट केला. धाकट्याचा ब्रॅकेट मात्र जाड लोखंडाचा होता. तो थोडासा खाली आला आणि त्याचा झोत माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर अडून बसला. अजून तिथंच आहे.

* * *

पहिल्यांदा दिवे लावले ती संध्याकाळ.

धोंडिबानं ट्रॅक्टर शेडमधून बाहेर काढला, अंगणातून वळवला आणि चालता चालताच स्विच ओढला. दोन्ही दिवे लागले! उजेड पार पलीकडच्या भिंतीवर पडला. जमलेल्या सगळ्यांनी हात जोडले. त्यात नवल काहीच नाही. दिवेलागणीला दिवा लागला की आपले हात आपोआप जुळतात. अप्पासाहेबांनी जोडले, मी जोडले, कडेवरच्या पोरांचे हात त्यांच्या आयांनी जोडले.

आणि धोंडिबानंही जोडले. दोन्ही! वर डोळे मिटले.

ट्रॅक्टर आपल्या मनानं निघाला. धोंडिबाची बायको सोनाबाई ओरडली, "अवो, धरा की त्याला!" तोवर ट्रॅक्टर कडब्याच्या गंजीत निम्मा शिरला होता. इंजिन गचके खाऊन बंद पडलं. कडब्यातून दिव्यांचा पिवळा उजेड तेवढा बाहेर येत होता.

आतून धोंडिबाचा आवाज आला, "बैल असता तर आपुन होऊन थांबला असता!"

त्या दिवसापासून अप्पासाहेबांनी शिस्त घातली. ट्रॅक्टर उभा असताना दिवे लावायचे, हात जोडायचे, आणि मग गिअर टाकायचा. धोंडिबानं ती शिस्त एकदाही मोडली नाही. कडबा मात्र अजून रेडिएटरच्या जाळीतून निघतो.

* * *

सकाळी बघावं तर बॅटरी उतरलेली! पहिल्या दिवशी वाटलं, बॅटरीच जुनी. दुसऱ्या दिवशीही तेच. मी धोंडिबाला विचारलं, "रात्री स्विच बंद केला होतास का?"

"म्या?" त्यानं कानाला हात लावला. "दिवेलागणीला लावलेला दिवा आपल्या हातानं मालवू व्हय, मामा?"

"मग घरचा कंदील काय करतोस?"

"त्यात तेल घालतो बेतानं. तेल सरलं की त्यो आपला आपुन जातो."

"अरे, मग ही बॅटरीसुद्धा सरली, आणि दिवे आपले आपण गेले!"

"मंग बरुबर झालं की!"

त्याच्याशी वाद घालून उपयोग नव्हता. त्याच्या घरात ही रीत आजोबांपासूनची, आणि सोनाबाई त्याच्याही वरताण. ती म्हणाली, "मामा, लावलेला दिवा मालवला आन् ह्यांच्या दुसऱ्या पायाला काई झालं, तर? म्या तुमाला सांगायला येऊ का?"

खाजामियाँ हसत म्हणाले, "मेरे को बुलाओ. परभणी से आके रोज बुझा के जाता हूँ!"

शेवटी असं ठरलं की स्विच बंद करायचा तो मी. ट्रॅक्टर शेडमध्ये आला की धोंडिबा खाली उतरायचा, दिव्यांकडं पाठ करून उभा राहायचा, आणि मी स्विच दाबायचा. काळोख झाला की तो विचारायचा, "गेले का, मामा?"

"गेले."

"बरं," म्हणून तो वळायचा. जसं काही त्याला आत्ताच कळलं!

* * *

बॅटरीला पाणी घालावं लागतं. मी परभणीला दवाखान्यातलं ऊर्ध्वपातित पाणी आणायला निघालो आणि जाताना बजावलं, "इथलं काही घालू नका. विहिरीचं नको, नदीचं नको. अगदी शुद्ध पाणी लागतं त्याला."

परत आलो तर बॅटरी काठोकाठ भरलेली. शेजारी तांब्याचा गडू, लाखेचं सील फोडलेला.

सोनाबाई समाधानानं म्हणाली, "गंगेचं हाय. गंगाखेडहून आनलेलं. पूजेच्या वक्ताला म्हनून ठिवलं व्हतं. ह्येच्याहून शुद्ध पानी तुमच्या परभनीत तरी भेटंल का?"

गोदावरीला अशुद्ध म्हणायची माझी छाती नाही. मी एवढंच म्हणालो, "ताई, ह्यात आधीच तेजाब आहे, हात जाळणारं ॲसिड."

तिचा चेहरा उतरला. "अगं बाई! गंगा तेजाबात घातली मी?"

बॅटरी रिकामी करणं तर भाग होतं. पण ओतायची कुठं? पायदळी नको, गंगा आहे. तुळशीत नको, तेजाब आहे. विहिरीत नको, प्यायचं आहे. मी आणि सोनाबाई ती बॅटरी मधे ठेवून विचार करत बसलो. अप्पासाहेब येऊन बघून गेले. त्यांनाही सुचलं नाही.

शेवटी बॅटरी बैलगाडीत घालून परभणीला खाजामियाँच्या दुकानी नेली. सगळं ऐकून ते म्हणाले, "लाओ, मेरे पीछे के गड्ढे में डालता हूँ. पर मामा, ताई को बोलना, अदब से डाला!"

ओतताना त्यांनी खरंच डोक्यावर टोपी घातली.

* * *

पाडव्याला औतं-अवजारं रंगवतात. धोंडिबानं ट्रॅक्टर रंगवला. मला न सांगता! लोहाराकडून लाल तेलरंग आणला, दिवे अलगद उतरवले, सगळं अंग घासून पुसून रंगवलं, अगदी ब्रॅकेटच्या खालचं लोखंडसुद्धा. दोन हात दिले. वाळल्यावर दिवे होते तसे बसवले, वायर होती तशी जोडली. वर झेंडूची माळ घातली.

संध्याकाळी स्विच ओढला. काही नाही.

मी बॅटरी बघितली, ठीक. फ्यूज बघितला, ठीक. बल्ब काढून बॅटरीला लावून बघितले, ठणठणीत. वायर इंच इंच तपासली. दुसरा दिवस त्यात गेला. धोंडिबा माझ्या मागं मागं फिरत होता. पंचमी जवळ येत होती आणि त्याच्या तोंडावर रंग नव्हता. तो सगळा ट्रॅक्टरवर होता!

दुपारी मी सावलीला बसून नुसता त्या यंत्राकडं बघत राहिलो, तेव्हा कुठं उमगलं. मोटारीच्या दिव्याला वायर एकच जाते. परतीची वाट गाडीच्या लोखंडी अंगातून असते. आणि ती वाट धोंडिबानं दोन हात देऊन छान बंद केली होती.

मी ब्रॅकेटखालचा रंग चाकूनं खरवडला. लोखंड चकाकलं. दिवे लागले.

धोंडिबा त्या खरवडलेल्या जागेकडं बघून म्हणाला, "म्हंजे ह्याला सणाच्या दिवशी बी तिथं नागडं ठिवायचं?"

"तिथं तेवढंच."

त्यानं जरा विचार केला आणि झेंडूची माळ सरकवून त्या जागेवर आणली.

* * *

आता फ्यूजची गोष्ट. काचेचे तयार फ्यूज मिळत नव्हते, म्हणून मी वायरीतली केसाएवढी एक तार काढून दोन स्क्रूंमध्ये बसवली होती. धोंडिबानं विचारलं, "ह्ये काय?"

मी समजावलं. "कुठं वायर घासली, चिकटली, म्हणजे वीज भलतीकडून धावते. अशा वेळी ही बारीक तार आधी जळते. बाकीचं सगळं वाचतं."

"म्हंजे सगळ्यात बारीक ह्योच, आन् मरायला बी ह्योच म्होरं?"

"हो."

"आन् ह्या जाडजूड वायरी मागं बसून बगनार?"

"हो."

"मामा, ह्ये तर आमच्या गावावानीच झालं!"

त्या तारेचं नाव त्यानं बारक्या ठेवलं. एका संध्याकाळी बारक्या जळाला. मी तेव्हा अप्पासाहेबांकडं जेवायला गेलो होतो. धोंडिबाला बारक्याची दया आली. आणखी एका बारक्याचा बळी कशाला, असं म्हणून त्यानं त्या जागी गाडीचा खिळा बसवला!

दिवे झकास लागले. थोड्या वेळानं रबर जळल्याचा वास आला. मग सीटखालून धूर. मग धोंडिबाचं धोतर तापलं. मी वाटेवर होतो. वाकड्या पायाचा माणूस उडी मारून एवढ्या लांब जाऊ शकतो हे मला तेव्हा कळलं.

माती टाकून सगळं विझवलं. निम्मी वायर कोळसा झाली होती. धोंडिबा मान खाली घालून उभा.

मी विचारलं, "काय झालं?"

"खिळ्याला काई झालं न्हाई, मामा."

"खिळ्याला काही झालं नाही म्हणूनच बाकीच्यांना झालं."

मग तो स्वतः कंदील धरून उभा राहिला आणि मला नवी तार बसवायला लावली. "बस रं बारक्या," तारेला म्हणाला, "तुजं काम तूच कर."

* * *

पण बारक्या पुन्हा पुन्हा का जळतो, हे उमगेना. आणि जळायचा तोही एकाच ठिकाणी! रान एवढं मोठं, पण दिवे जायचे ते मसोबाच्या बांधावर. त्या टोकाला शेंदूर लावलेला मसोबाचा दगड आहे, बांधापलीकडं गाडीवाट, आणि वाटेच्या कडेला कठडा नसलेली जुनी विहीर. ट्रॅक्टर तिथं पोचून वळला की काळोख! घराकडच्या टोकाला कधी काही नाही.

गावानं निकाल लावून टाकला. मसोबाला उजेड खपत नाही. सोनाबाईनं नारळ फोडला. त्याच संध्याकाळी दिवे पुन्हा गेले. मग कोणी म्हणालं, नारळानं त्याचं काय होतंय, त्याला कोंबडं लागतं.

खाजामियाँ त्या दिवशी बल्ब घेऊन आले होते. म्हणाले, "मामा, मेरी मानो, दे दो कोंबडा. फ्यूज रहे ना रहे, खाना तो हो जाएगा!"

मी कोंबडं थांबवलं. दुसऱ्या दिवशी उजेडी धोंडिबाला ट्रॅक्टर चालवायला लावला आणि स्वतः पुढच्या चाकाबरोबर चालत राहिलो. जाताना, येताना, पुन्हा जाताना. दुपारपर्यंत ढेकळांतून चाललो. तेव्हा दिसलं. घराकडच्या टोकाला धोंडिबा ऐसपैस वळण घेतो. मसोबापाशी मात्र तो दगड उजव्या हाताला ठेवून त्याच्याभोवती अगदी जवळून फिरतो. प्रदक्षिणा! एवढं आवळून वळलं की स्टिअरिंगचा दांडा पार टोकाला जायचा आणि माझी वायर दांडा नि सांगाडा ह्यांच्यामध्ये चिमटायची. साल निघालेली वायर लोखंडाला टेकली, की बारक्या खलास.

मी वायर काढून दुसऱ्या बाजूनं नेली आणि वर पट्ट्याचं चामडं गुंडाळलं.

धोंडिबा म्हणाला, "म्हंजे मसोबाचा कोप नव्हता?"

"नाही. वायर चिमटत होती."

"वायर कशानं चिमटली?"

"तुझ्या वळणानं."

"वळन कुनासाठी घेतलं?"

"मसोबासाठी."

"मंग मी त्येच म्हनायलोय की!"

त्यानंतर रोज संध्याकाळी चालवून बघितलं, बारक्या जळाला नाही. सोनाबाई म्हणते नारळ उशिरा पोचला.

* * *

आणि आता आजचं.

सेठ दुपारच्या मोटारीनं आले. मोठा माणूस, पांढरी टोपी, बोलायला गोड. अंगणात बाजेवर बसून चहा घेतला. अप्पासाहेबांना म्हणाले, "मेरी गाड़ी पीछे से आ रही है. जंजीर, पहार, सब है उसमें. आप फिकर मत करो, खोल के ले जाएँगे."

धोंडिबानं ते ऐकलं. तो ट्रॅक्टरच्या पितळी टोपणावर फडकं फिरवत होता, तो फिरवतच राहिला.

दिवस मावळला. गावचे लोक अंगणाच्या कडेनं उभे. खाजामियाँ मुद्दाम परभणीहून आलेले. सोनाबाई नारळ ओटीत घेऊन बसलेली. धोंडिबानं हँडल मारलं, इंजिन लागलं. वर चढून त्यानं स्विच ओढला. दोन्ही दिवे लागले. त्यानं हात जोडले, आम्ही जोडले, सवयीनं सेठनंही जोडले. मग गिअर पडला आणि ट्रॅक्टर रानात उतरला.

अंधार पडत गेला तसे दिवे स्पष्ट दिसू लागले. एक मोठा, एक धाकटा, डुलत डुलत लांब जात होते. नांगराचा तास सरळ पडत होता. दिवे मसोबाच्या बांधाशी पोचले. वळायला लागले.

आणि गेले!

दोन्ही एकदम. समोर नुसतं काळं रान. इंजिनाचा आवाज तेवढा येत होता, तोही मंद झालेला.

सेठ बाजेवरून उठले. "बत्ती गई," म्हणाले.

मी मनातल्या मनात वायर पहिल्यापासून चाचपत होतो. बॅटरी, स्विच, फ्यूज, चामडं, ब्रॅकेट. बल्ब गेला असता तर एकच दिवा गेला असता. स्विच म्हणावं तर तो बंद करणारा मी, आणि मी इथं अंगणात उभा. म्हणजे फ्यूजच. म्हणजे वायर पुन्हा कुठंतरी टेकली.

सोनाबाईनं हळूच विचारलं, "मामा, बारक्या गेला का?"

खाजामियाँ डोक्यावरची टोपी काढून हातात धरून उभे होते.

थोडा वेळ गेला आणि समोर दिवे लागले. पहिल्यासारखे, दोन्ही! इंजिनाचा आवाज वाढला. मोठा आणि धाकटा, दोघं डुलत डुलत आमच्याकडं यायला लागले.

"आले, आले!" लोक ओरडले.

सेठ म्हणाले, "आए तो आए. लेकिन गई थी. अप्पासाहेब, शर्त शर्त है."

"होय," अप्पासाहेब म्हणाले. "शब्द माझाच आहे."

ट्रॅक्टर अंगणात येऊन थांबला. धोंडिबा आधी वाकडा पाय खाली टेकून, मग चांगला पाय टेकून उतरला. कोणाकडं बघत नव्हता.

अप्पासाहेब म्हणाले, "धोंडिबा, दिवे गेले होते."

"व्हय, मालक."

"फ्यूज उडाला?"

"न्हाई."

"मग?"

"म्या मालवले."

सोनाबाई उठून उभी राहिली. "तुमी?"

"गाडीवाटनं गाडी येत व्हती," धोंडिबा म्हणाला. "आपला धाकला दिवा बरुबर बैलांच्या डोळ्यात. नवी जोडी हाय, त्यांनी कान ताठ केले. एक तर वळलाच हिरीकडं. म्या काय करनार? मालवले. गाडी म्होरं गेली, मंग लावले."

तेवढ्यात अंगणात घुंगरांचा आवाज आला. गाडी आत आली. जोडी पांढरी, तरणी, अजून फुरफुरत होती. गाडीत साखळ्या आणि पहारी. गाडीवान उडी टाकून खाली आला आणि सरळ सेठपाशी गेला.

"सेठ," तो म्हणाला, त्याला धाप लागली होती, "चाक हिरीच्या काठाला लागलं व्हतं. ह्या गड्यानं उजेड घालवला म्हनून मागं घेता आलं."

सेठ बैलांपाशी गेले. एकाच्या मानेवर हात ठेवला, मग दुसऱ्याच्या. वाकून चाक बघितलं. चाकाला विहिरीकाठची ओली माती होती.

गाडीवानानं विचारलं, "सेठ, साखळ्या उतरवू का?"

"पहले बैलों को पानी दिखा," सेठ म्हणाले. "फिर चलते हैं."

बैल पाणी प्यायले. गाडी जशी आली तशी साखळ्यांसकट गेली. सेठ गाडीतच बसले.

मी शेडमध्ये ट्रॅक्टरपाशी गेलो. धोंडिबानं दिव्यांकडं पाठ केली. मी स्विच दाबला.

"गेले का, मामा?"

"गेले."

फ्यूज काढून कंदिलाजवळ धरून बघितला. बारक्या शाबूत. बॅटरी ठीक. धाकट्या दिव्याचा ब्रॅकेट उद्या लोहाराकडं, खाली वाकवून घेणे. ट्रॅक्टर अप्पासाहेबांच्या शेडमध्ये.